नाल्यातला गोटा

कुणाला पालीची किळस येते, कुणाला झुरळाची. मला थर्माकोलच्या मेंदूची येते. गुलाबी रंग दिलेला, फेव्हिकॉलचे ओघळ वाळलेला तसला एक मेंदू आमच्या शाळेच्या कपाटावर अजून पडला आहे. प्रशिक्षणाहून आल्यावर तो प्रत्येक शिक्षकाने बनवून वर्गात टांगायचा होता. मी टांगला तेव्हा दुसरीतल्या एकीने विचारलं, “मैडम, ये फूलगोभी है?” मी हो म्हटलं. उगाच कशाला खोटं बोला?

मी देवासची. नोकरी मात्र धार जिल्ह्यात, मनावर या गावाहून गंधवानीकडे जाताना लागणाऱ्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत. मनावरला एक खोली घेऊन राहते आणि शनिवारी बस बदलत बदलत आईकडे देवासला येते. आई निवृत्त शिक्षिका. तिचं मराठी जुन्या वळणाचं आणि शुद्ध, माझं मराठी हिंदी माध्यमात शिकून भेसळ झालेलं. या गोष्टीवरून ती मला अजून टोमणे मारते.

प्रशिक्षण धारला होतं. विषय फळ्यावर लिहिला होता: कक्षा-समुदाय आणि मस्तिष्क-अनुकूल पाठ्यचर्या, म्हणजे वर्गाचं कुटुंब करायचं आणि मेंदूला मानवेल तसं शिकवायचं. इंदूरहून आलेल्या बाईंनी आधी आम्हाला फुगे फुगवायला लावले. मग पावसाची टाळी, समोशाची टाळी, पतंगाची टाळी. सेवानिवृत्तीला टेकलेले सर पतंग उडवल्यासारखे हात हलवत होते आणि बाई “एनर्जी, एनर्जी!” म्हणून ओरडत होत्या. मग पडद्यावर रंगीत मेंदू आला. त्याचा कुठला भाग काय करतो हे आम्ही वहीत उतरवून घेतलं. पोरं घरात कुठली भाषा बोलतात, हे तीन दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारचे सर हळूच म्हणाले, “भिया, इनको एक बार गंधवानी की बस में बिठा दो, मस्तिष्क अनुकूल हो जाएगा.”

पण त्या बाई एक गोष्ट खरी बोलल्या. घाबरलेल्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून आधी त्याची भीती घालवा. रोज सकाळी सगळ्यांनी गोल बसा आणि एकमेकांचं ऐका. ही गोष्ट खरी होती याचाच मला पुढे राग आला. सगळंच थोतांड असतं तर मी वाचले असते.

मी गोल सुरू केला. व्हरांड्यात, सतरंजीवर. पोरींनी नाल्यातून एक गुळगुळीत गोटा आणला. ज्याच्या हातात गोटा, त्याने बोलायचं. ज्या भाषेत येईल त्या भाषेत. कुणी हसायचं नाही, आणि गोलात बोललेलं गोलाबाहेर न्यायचं नाही. हा शेवटचा नियम माझा. मीच पोरांना तो तीन-तीनदा बजावला होता.

दुसरीत एक मुलगी होती, जी शाळेत बोलतच नसे. वर्षभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. हजेरीला नुसता हात वर. आई-बाप मजुरीला गुजरातेत, ती काकाच्या घरी. पुढच्या वर्षी ती शाळेत टिकते की काकाच्या शेळ्यांमागे जाते हे तिच्या तोंडून शब्द फुटण्यावर होतं. काका सरळ म्हणाला होता, “गूँगी को पढ़ाके क्या करना?” गोटा तिच्या हातात यायचा, ती तो दोन्ही तळव्यांत दाबून धरायची आणि पुढे द्यायची. असं किती दिवस चाललं, मी मोजलं नाही. घाई केली नाही, एवढं एकच पुण्य माझ्या खात्यावर आहे.

मग एका सकाळी ती बोलली. आपल्या भिली बोलीत, खाली मान घालून. मला निम्मंच कळलं. पाचवीतल्या मुलीने हिंदीत सांगितलं. घरी शेळीचं एक पिल्लू आहे. थंडीचं म्हणून काकूने त्याला तिच्या आईचं जुनं लुगडं पांघरलंय. लुगड्याला आईचा वास आहे, म्हणून ती पिल्लाजवळ झोपते. पण आता लुगड्याला पिल्लाचाच वास यायला लागलाय.

कुणी हसलं नाही. गोटा पुढे गेला. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. पाढे म्हणायला लागली, भांडायलासुद्धा लागली. मला इतका आनंद झाला की तो माझ्याने पोटात ठेववला नाही. आमच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे जनशिक्षक भेटीला आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. लुगडं, पिल्लू, वास, सगळं. गोलाबाहेर पहिल्यांदा ते नेलं मी.

“मैडम, इसका तो वीडियो बनना चाहिए,” ते म्हणाले. आमच्या खात्यात फोटो काढल्याशिवाय झाड लावलं जात नाही आणि व्हिडिओ टाकल्याशिवाय पोर शिकत नाही. दोन मिनिटांचा, हिंदीत, मागे बॅनर, शेवट सकारात्मक. मी नाही म्हणू शकले असते. मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. मी लगेच हो म्हटलं. वर तिची हिंदी वाक्यं मीच लिहून दिली आणि पाठ करून घेतली. शेवटचं वाक्य होतं: “अब मुझे अच्छा लग रहा है.”

पहिल्या वेळी सांगताना तिचे डोळे भरले, पण बॅनर वाऱ्याने फडफडला. दुसऱ्या वेळी रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तिसऱ्या वेळी तिने सगळं धडाधड म्हणून टाकलं, पाढा म्हणावा तसं. जनशिक्षक मोबाईल खाली करून म्हणाले, “इमोशन थोड़ा कम आ रहा है.” आणि मी, गोल सुरू करणारी, नियम घालणारी मी, तिच्यासमोर उकिडवी बसले, तिचे केस मागे सारले आणि म्हटलं, “एक बार और, बेटा. मम्मी को याद करके.”

तिने आठवण काढली. रडली. “अच्छा लग रहा है” म्हणाली. आम्ही समोशाची टाळी वाजवली.

सकाळभर काढलेले तुकडे जोडून जनशिक्षकांनी व्हिडिओ बनवला, आणि तो गाजला. सगळ्या ग्रुपांवर फिरला, शेवटी पोरांच्या गावातल्या मोबाईलांवरही पोचला. देवासला टेकडीच्या पायथ्याशी एका सभागृहात शिक्षकांची कार्यशाळा होती, तिथे मला मुद्दाम बोलावलं. पडद्यावर ती चिमुरडी भिंतीएवढी मोठी दिसली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एक सर माइकवर म्हणाले की याला म्हणतात मस्तिष्क-अनुकूल शिक्षण. मला शाल आणि फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. लगेच नाश्ता सुटला, आणि मघाशी डोळे पुसणारे हात कचोरीवर तुटून पडले. मला त्यांची किळस आली. मग आठवलं, मीही दोन खाल्ल्या होत्या.

संध्याकाळी घरी आईला व्हिडिओ दाखवला. तिने चष्मा लावून तो पाहिला, मग पुन्हा पाहिला. मला वाटलं, आता कौतुक करील.

“किती वेळा वदवून घेतलंस पोरीकडून?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“अगं, पहिल्या वाक्याला कोवळं ऊन तिच्या तोंडावर आहे. शेवटच्याला ते पायांशी उतरलंय. दोन मिनिटांत सूर्य एवढा चढतो होय गं?”

मी म्हटलं, आजकाल असंच करावं लागतं, तुझ्या वेळी मोबाईल नव्हते. ती फोन उपडा ठेवून देवापाशी दिवा लावायला उठली. मला तिचा भयंकर राग आला, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मात्र तो माझ्याकडेच वळला. प्रशस्तिपत्र मी मुद्दाम देवासलाच ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी गोल भरला. मी मोबाईल बंद करून कपाटात ठेवला, त्या फुलकोबीखाली. मनात ठरवलं होतं, आज तिच्यावर नजरसुद्धा रोखायची नाही.

गोटा तिच्यापाशी आला. एरवी ती बसूनच बोलायची. आज उठून उभी राहिली. त्या दिवशी जिथे जनशिक्षक मोबाईल धरून उभे होते, त्या खांबाकडे तिने तोंड केलं, हात बाजूला सरळ ठेवले आणि सगळं म्हणून दाखवलं. लुगडं, पिल्लू, वास. योग्य जागी आवाज कापरा केला. “अब मुझे अच्छा लग रहा है,” म्हणाली आणि गोटा पुढे दिला.

पुढचा मुलगा उठला. “मुझे अच्छा लग रहा है.” त्याच्या पुढची उठली. तिलाही अच्छा लग रहा था. आजवर याच पोरांनी याच गोलात मेलेला कुत्रा, बापाची दारू, नवी चप्पल, पोटदुखी असं काय काय सांगितलं होतं. आज एकेक जण उठत होतं, खांबाकडे बघत होतं आणि बसत होतं.

गोटा फिरत फिरत माझ्या हातात आला. तो पोरांच्या तळव्यांनी गरम झाला होता. मी तो दोन्ही तळव्यांत दाबून धरला. पोरं वाट बघत होती.

तेव्हा ती मुलगी वाकून माझ्याकडे सरकली. माझ्या कपाळावरचे केस तिने हलक्या हाताने मागे सारले आणि हळूच म्हणाली, “बोलो मैडम. अच्छा लग रहा है.”