हाकेसाठी ठेवलेली जागा

लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देणं हा माझा धंदा. हळदीला कुठलं गाणं, पाठवणीला कुठलं, नवरीची आई रडायला लागली की कॅमेरा किती वेळ तिच्यावर ठेवायचा, हे मी झोपेतही सांगेन. त्यामुळे आबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, एक छोटी फिल्म करायचं ठरवलं तेव्हा हा आपल्या डाव्या हाताचा मळ आहे असं मला वाटलं होतं.

आबा गवळी. गंगावेशीच्या मागे आमचा गोठा आणि गोठ्याला चिकटून घर. आयुष्यभर त्यांनी रोज म्हशी दूधकट्ट्यावर नेल्या आणि गिऱ्हाइकांच्या समोर धार काढून ग्लास हातात दिले. या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. हात थोडासा परत आला. वाचा आली नाही. बोललेलं सगळं कळतं, पण स्वतःला एक अक्षर काढता येत नाही. गल्लीच्या या टोकाला शिवी दिली तर त्या टोकाचा माणूस वळून बघायचा, असा आवाज होता त्यांचा. आता ते खुर्चीत बसून आमच्या तोंडांकडं बघत राहायचे. दादानं म्हशी विकायला काढल्या. त्याला तरी काय बोलणार? त्याची नोकरी, माझा धंदा आणि आईचे गुडघे, यांत म्हशी कुठं बसवायच्या? त्या जायच्या आधी मला चित्रीकरण उरकायचं होतं.

दृश्यांचा प्रश्न नव्हता. गोठ्याच्या पत्र्यातून येणारं ऊन, शेणाच्या पाटीवर आईचा हात, घाटावर पाण्यात फक्त शिंगं वर ठेवून बसलेल्या म्हशी. संगीताचंही ठरवलं. व्हायोलिन नको. व्हायोलिन मी लोकांच्या आज्यांना लावते. आबांना पाडव्याचा गोंगाट लावायचा.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या, डोक्यावर मोरपिसं, आणि मग मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर बसून पुढं सुटायचं आणि म्हशीनं गर्दीतून त्याच्यामागं पळायचं. दोरी नाही, काठी नाही. मालकाच्या हाकेवर पळते. आबा मागं वळूनसुद्धा बघायचे नाहीत. नुसती हाक टाकायचे आणि आमची थोरली म्हैस, एवढं धूड, कान टवकारून बरोबर त्यांच्या चाकाला लागायची. ती हाक मला लिहून दाखवता येणार नाही. छातीतून निघायची, मध्येच मोडायची आणि नाकात संपायची. त्यांच्या वडिलांकडून आलेली, आणि दादाला कधी न जमलेली. मला तर कुणी शिकवलीच नाही, पोरगी म्हणून.

फिल्मला निवेदन म्हणून फक्त ती हाक वापरायची, हे माझं ठरलं. दुसरा एक शब्द नाही. वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं, आरती, सवयीच्या हाका शिल्लक राहतात. या एका वाक्यावर मी महिनाभर जगले.

आधी वाटलं, जुनं ध्वनिमुद्रण मिळेल. दर पाडव्याला सगळी भावकी मोबाइल वर धरून उभी असते. मी घरोघर फिरले. ढिगानं व्हिडिओ मिळाले आणि एकातही आबांचा आवाज नव्हता. अर्ध्यांत सायलेन्सरनं सगळं गिळलेलं. उरलेल्यांत स्टेटसला ठेवताना गाणी चढवलेली.

"ताई, गाणं टाकलंय की त्यात," चुलतभाऊ म्हणाला. "नुसता गाडीचा आवाज कोन ऐकतंय?"

"मूळ व्हिडिओ हाय का?"

"न्हाय. मोबाइल फुल झालता, काढून टाकलं."

कुणाला दोष देऊ? आवाज जास्तीत जास्त मोठा करायचा हीच आमची हौस, आणि त्या आवाजात ज्याच्यासाठी म्हैस पळते तेच बुडालं. एका क्लिपमध्ये आबांचं तोंड उघडं आहे, मानेच्या शिरा ताठ आहेत. मी ती हजार तऱ्हांनी गाळून पाहिली. खोकल्यासारखं काहीतरी निघालं. तो खोकला आबांचा की गाडीचा, तेही सांगता येईना.

मग आबांनाच गोठ्यात आणलं. पांढरी टोपी घातली, कॉलरला माइक लावला, समोर थोरलीला बांधलं. आईनं तिच्या शिंगांना तेल चोळून दिलं. काय करायचंय ते आबांना नीट कळलं होतं. थोरलीकडं बघून त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं. मान ताठ झाली. नुसती हवा आली. पुन्हा घेतला, पुन्हा हवा. थोरली रवंथ करत होती. आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी माझा कॅमेरा चालूच होता.

"बास कर," आई म्हणाली. "मानसाचा तमाशा लावलायस व्हय?"

मी बंद केला. माइकवर शेपटीचा सपका आला होता, रवंथ आला होता, आणि आबांचा श्वास.

त्याच आठवड्यात शिरोळचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. भला माणूस होता. थोरलीच्या पाठीवर हात फिरवून त्यानं थेट आबांनाच विचारलं, "पावणं, ही कुठल्या हाकंला येतीया?"

आबा त्याच्याकडं बघत राहिले. दादा घाईनं म्हणाला, "कुठल्याबी येती की. लई गरीब हाय." टेम्पो वळणापलीकडं जाईपर्यंत आबा दारात उभे होते. मग त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं.

फिल्म जोडून झाली. मध्ये हाकेसाठी जागा सोडली होती, तेवढी मोकळी राहिली. शेवटी म्हटलं, आपणच मारू. खोलीचं दार लावून माइकसमोर हाक मारली. बाहेरून दारावर काठी आपटली. आबा. आत येऊन त्यांनी जोरजोरात मान हलवली. असं नाही.

त्या दिवसापासून रोज दुपारी आमची शिकवणी सुरू झाली. ते तोंडाचा आकार करून दाखवायचे, मी तसा करायची, आवाज काढायची. ते मान हलवायचे. छातीवर मूठ मारून दाखवायचे, इथून काढ. मी काढायची. पुन्हा मान. एकदा तर चिडून त्यांनी डाव्या हातानं माझ्या दंडावर चापट मारली, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! रागावलेले आबा परत मिळाले होते. वाटलं, जमणार. यांना एवढा राग येतोय म्हणजे जमण्यासारखं आहे.

पण ज्याला ऐकवता येत नाही त्यानं दुरुस्त तरी कसं करायचं? ती हाक त्यांच्या डोक्यात जशीच्या तशी होती आणि माझ्यापर्यंत यायला वाटच नव्हती. मी रोज वेगळी चूक करत होते, एवढंच.

परवाची दुपार. माझा घसा बसला होता. हाक मारली ती मध्येच फाटली आणि खाली पडली. इतक्या दिवसांतली सगळ्यात वाईट. मी मान हलायची वाट बघत राहिले. आबा बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी हळूच होकाराची मान डोलावली आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं चुकीचं काम चालवून घेतलं नव्हतं. दादाच्या हातची धार त्यांना कधी पसंत पडली नाही, आईनं कालवलेली पेंड नाही, मी काढलेले त्यांचे स्वतःचे फोटोसुद्धा नाहीत. मला हुंदका आवरेना.

"जमलं व्हय गं?" आईनं आतून विचारलं.

आबांनी माझ्याकडं बघत पुन्हा मान डोलावली.

"जमलं," मी म्हणाले, आणि माइक बंद केला.