स्वादुपिंडाचा पहिला अर्धा तास

त्या रविवारी दुपारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. उंदराच्या स्वादुपिंडाच्या पेशी बशीत जिवंत ठेवल्या होत्या आणि सूज आणणारं द्रव्य नुकतंच त्यांच्यावर सोडलं होतं. पहिला अर्धा तास चुकला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात दादाचा फोन आला. तो खराडीला आयटीत. आदल्या रात्री टीमची पार्टी झालेली.

"अगं, पोटात वर भयंकर दुखतंय. पार पाठीत जातंय."

"ढोस अजून! ॲसिडिटी असेल. गोळी घे आणि पड."

"तू डॉक्टर ना?"

"उंदरांची," म्हटलं आणि फोन ठेवला.

पाठीत जाणारी कळ कशाची असू शकते, हे मला पाठ होतं. तरी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

एक प्रथिन आम्ही हिरवं चमकेल असं केलं होतं. एरवी दुसरं एक प्रथिन त्याला अडवून धरतं, केंद्रकात जाऊ देत नाही. ती पकड सुटली. केंद्रकाचा काळा गोल हळूहळू उजळत गेला. भोवतीचा उजेड जणू आत ओढला गेला. आत जाऊन ते जनुकांना जागं करणार, मग पेशी मदतीला हाका घालणार. सूज अजून कुठेच नाही, पण निरोप पोचलेला. शेजारच्या पेशीत तेच, तिच्या शेजारी तेच. ना मेंदू, ना डोळे, आणि केवढी ही जाग!

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. दादा अतिदक्षता विभागात होता, स्वादुपिंडाला सूज. तो वाचला, पण स्वादुपिंडाचा बराच भाग गेला. तेव्हापासून जेवणाआधी इन्सुलिन टोचून घेतो.

इतकी वर्षं मी गप्प होते. परवा कोथरूडला, त्याच्या घरी, त्याने पोटातली सुई काढली आणि मी सांगून टाकलं: मला शंका आली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो उजेड आठवला की आजही मन भरून येतं.

शर्ट खाली ओढत त्याने विचारलं, "काय दिसलं एवढं?"

सांगितलं. पोटावर हात ठेवून तो ऐकत राहिला.

"म्हणजे हे सगळं माझ्या आत चाललं होतं, आणि मी सोफ्यावर तळमळत होतो?"

"हो."

"कमाल आहे." मग सुईला टोपण लावत म्हणाला, "पण तू फोन ठेवायला नको होतास."