पत्रिकेवरचा लाल पेन

माझं लग्न दहापैकी तीन मार्कांवर ठरलं.

मी अमरावतीला राजापेठेत बायोलॉजीची ट्यूशन घेतो. खिशात लाल पेन कायम. (त्याच्याशिवाय शर्ट घातल्यासारखंच वाटत नाही!) तो घेऊनच मी मामासोबत अकोल्याला वैशालीला पाहायला गेलो. आठ दिवस तिचा फोटो पाकिटात घेऊन फिरत होतो. हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच डोक्यात. तिचे वडील पिढीजात पौरोहित्य करणारे. मामानं वाटेतच बजावलं, "तिथं देवाधर्मावर तोंड उघडू नको. पोहे खाय न् मान हालव."

पहिल्या घासापर्यंत मी मान हलवली.

"काहो मास्तर," तिच्या वडिलांनी प्रेमानं विचारलं, "माकडाचा माणूस झाला म्हनता, तं मंग आताची माकडं काहून बदलून नाही राहिली?"

झालं! "काका, आमी तसं म्हणतच नाही! दोघांचा पूर्वज एक होता. जे म्हटलंच नाही, ते खोडून राहिले तुमी. पहिली चूक!" मी पेन काढला, समोरचा कागद ओढला आणि लाल फुली मारली.

"आमच्या सात पिढ्यांनी देव मानला. त्या का येड्या होत्या?"

"जुनं म्हणून खरं? दुसरी चूक!"

"बरं, देव नाही हे सिद्ध करा."

"सिद्ध होत नाही म्हणून आहे? तिसरी!" आता मला कोण थांबवणार? "आन् तुमचं पोट पूजेवर, तुमी हेच म्हणणार! उत्क्रांती मोठमोठे शास्त्रज्ञ सांगतात, म्हणजे खरीच! एक तं देव माना, नाही तं विज्ञान!" खाली दहापैकी चार मार्क दिले आणि सवयीनं शेराही मारला, 'अभ्यास वाढवा.'

मामाचा चमचा हवेतच थांबला. तो कागद म्हणजे वैशालीची पत्रिका होती! वडिलांनी स्वतःच्या हातानं मांडलेली, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली! मी घाईघाईनं पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात वैशाली चहा घेऊन आली. (ती कोर्टात वकिली करते हे बायोडाटात वाचलं होतं, समजलं मात्र आता.) तिनं पत्रिका पाहिली आणि हात पुढे केला. "पेन द्या."

मी दिला.

"आतून सारं ऐकलं मी. बाबांचं पोट पूजेवर म्हणून बाबा चूक? मंग तुमचं ट्यूशनवर हाय. मोठे लोक सांगतात म्हणून खरं? बाबा तसंच बोलले तं तुमी मार्क कापले. आन् एक तं देव, नाही तं विज्ञान, तिसरा रस्ताच नाही? मी सकाळी देवाले हात जोडते, उत्क्रांतीही मानते. मी नाहीच का मंग?" तिनं तीन फुल्या मारल्या. "दहापैकी तीन. बाबा, तुमचे चार मात्र बरोबर हायेत."

इतका नि:पक्षपाती परीक्षक मी जन्मात पाहिला नव्हता! अपमान झाला होता, पण टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

वडील पोट धरून हसले. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच. मी त्यांच्या जागी असतो तर पोह्यांची बशीही काढून घेतली असती. म्हणाले, "तोंडावर चूक सांगनारा जवाई पाहिजे मले. पोरी, पास करून टाक याले."

"पास नाही होत, बाबा," ती म्हणाली. "याले ट्यूशन लागते. घरीच ठेवा लागते."

याला बारा वर्षं झाली. सासरे अजून तोच प्रश्न काढतात, पण आता माझ्याकडे बोट दाखवून. "मी तवाच म्हनलो होतो, माकडं बदलत नाही. हा पहा पुरावा!" एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणं ही तर्कातली चूक आहे, असं सांगायला मी तोंड उघडतो, तर वकीलबाई सासऱ्यांच्या बाजूनं साक्षीदार म्हणून आधीच उभ्या!