बाराच्या घंटेला थांबणारा पाय

वटार गावच्या बस्त्यावावर अन्याय झाला. कधी, तेही सांगतो : आमच्या कॉलेजच्या फुटबॉल फायनलच्या सकाळी, मॅचच्या अर्धा तास आधी, तो बुटाची नाडी बांधत असताना. टीमचे सर आले आणि म्हणाले, "पाच नंबर काढ." बस्त्यावानं जर्सी डोक्यावरून काढली, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. एक बूट बांधलेला, दुसरा सुटा, अंगात नुसतं बनियन... तसाच तो मला अजून दिसतो. गेल्या महिन्यात काविळीनं तो गेला. तिशीही गाठली नव्हती. त्याच्या भावाचा फोन आला तेव्हा भाऊ नाव घेईपर्यंत मागे चर्चची वाजणारी मरणाची घंटा मला ऐकू आली, आणि पुढचं काही ऐकायची गरज उरली नाही.

घंटेचं आधी सांगायला हवं. मी स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये वाढलो, वडील मुंबईत नोकरीला, देवळाशी माझा संबंध गणपतीपुरता आणि चर्चशी तेवढाही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमची टीम जमली ती अर्धी बिल्डिंगवाली, अर्धी वाडीवाली. भात कापून झालं की वटारच्या मोकळ्या शेतात आम्ही सराव करायचो. पहिल्याच रविवारी बारा वाजता चर्चची दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली आणि शेत थांबलं. खेळणारे जिथल्या तिथे, बांधावरून केळीचा घड नेणारा म्हातारा घड खाली ठेवून उभा, बस्त्यावाचा पाय चेंडूवर, ओठ हलतायत. मला वाटलं, काय सोपा चान्स आहे! चेंडू त्याच्या पायाखालून काढला, पळत सुटलो, गोल मारला आणि ओरडलो. कुणी हललं नाही. तीन-तीन ठोके तीनदा झाले, मग लांब घंटा झाली, सगळ्यांनी कपाळाला हात लावून क्रूस केला, आणि बस्त्याव मला म्हणाला, "येड्या, आण तो चेंडू. घंटेत गोल मारणारा वटारमधला तू पहिलाच." पोटभर हसले सगळे. तेव्हापासून बाराला मीही थांबायचो. ते भक्तीनं नव्हे, तिथे तसंच खेळतात म्हणून.

त्या मोसमात आम्ही कुणाला ऐकलं नाही. बस्त्याव स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढे बचावाच्या मधोमध, मी उजवीकडे विंगला. त्याच्या अंगावरून चेंडू जायचा नाही, समोरचा पडला तर हात देऊन उठवायचा आणि वर विचारायचा, "लागलं काय रे? परत येशील ना?" सेमीफायनल पापडीत होती, चर्चच्या जवळच्या मैदानावर, मुंबईच्या कॉलेजशी. एक-शून्य आम्ही पुढे. बाराची घंटा झाली तेव्हा चेंडू बस्त्यावाकडे होता. त्यानं चेंडूवर पाय ठेवला... मुंबईच्या पोराला काय माहीत? मी वटारला जे केलं तेच त्यानं केलं, फक्त इथे रेफरीनं गोल दिला. मैदानाच्या कडेनं बस्त्यावाला ज्या शिव्या सुरू झाल्या त्या इथे छापता येणार नाहीत. शेवटी कॉर्नरवर उडी मारून डोक्यानं जिंकायचा गोल कोणी केला? बस्त्यावानंच. हे ठळक अक्षरात वाचा, कारण कॉलेजच्या एकाही सत्कारात हे कुणी बोललेलं नाही.

फायनलही तिथेच, अकरालाच. त्या सकाळी सरांनी त्याला आधी विचारलं होतं, मी शेजारीच बसलो होतो. "आज परत बारा वाजणार. पळशील ना?" एक 'हो' म्हटलं असतं तर तो खेळला असता. कोणीही म्हटलं असतं! बस्त्याव म्हणाला, "सर, खोटं कशाला सांगू? मी नाही थांबत, पाय थांबतो." मग ते "पाच नंबर काढ" आलं.

आम्ही जिंकलो. बाराला घंटा झाली तेव्हा चेंडू माझ्याकडे होता आणि मी पळत होतो. कडेला बनियनमधला बस्त्याव उभा राहिलेला दिसला, एवढंच. मग ट्रकवर कप, गुलाल, ढोल. पापडी, निर्मळ करत ट्रक वटारला पोचला. त्याची आई रस्त्यावर मोगऱ्याचा हार घेऊन उभी होती. तिनं ट्रकमधला एकेक चेहरा पाहिला. "आमचा कुठंय?" ढोल थांबला. बस्त्याव तिच्या मागेच होता, सायकलवरून केव्हाच घरी येऊन वाडीला पाणी सोडत होता. चिखलाच्या हातानं त्यानं हार घेतला आणि कपाला घातला. "घालतो गं आई, सुकेल नाहीतर."

त्यानंतर तो खेळला नाही. पापडीच्या बाजारात भाजी घेऊन बसायचा आणि जाणारे-येणारे तोंडानं घंटा वाजवायचे, "टण्ण!" वर्षानुवर्षं. शिकलेली माणसं, पोरंबाळं असलेली माणसं. तो हसून म्हणायचा, "वांगी घेतोस की नुसताच वाजतोस?" पण त्या मैदानावर मात्र त्यानं परत पाऊल टाकलं नाही. त्याच्या मातीला सर आले होते. म्हणाले, "चांगला स्टॉपर होता." मी म्हटलं, "मग सर?" ते म्हणाले, "जिंकलो ना रे आपण?" जिंकलो, सर.

परवा त्याच्या घरी गेलो. ओटीवर आई फुलं निवडत बसली होती आणि तिच्या पायाशी त्याचा जुना चेंडू, हवा गेलेला. म्हटलं, "आई, पंप आणू का? हवा भरून देतो." "नको रे बाबा. मग घरंगळतो तो सगळ्या ओटीभर." एवढ्यात घंटा झाली. तिनं फुलं सुपात ठेवली, डोळे मिटले, आणि तिचा पाय... बघायचं नव्हतं मला, पण बघितलं. चेंडूवर बरोबर एका पावलाएवढी खोल जागा पडली आहे.

आता तुम्हाला सांगतो, "टण्ण" म्हणणाऱ्यांनो, आणि ते ऐकून हसणाऱ्यांनो. कोण कोण होतात ते तुम्हाला माहीत आहे. यंदाच्या मोसमातला पहिला सामना पापडीला त्याच मैदानावर आहे, रविवारी, अकराला. या. बारा वाजतील, घंटा होईल, चेंडू कोणाच्याही पायात असेल, रेफरी शिट्टी वाजवो न वाजवो... तुम्ही उठा, आणि ती संपेपर्यंत उभे राहा.