पट्टी फिरवून ठेवा, सर

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली.

सूर्यमाळला आमच्या घराचं जोतं बांधतोय. गवंडी काशिनाथदादा नळीत पाणी भरून लेव्हल काढतात. मला पहिल्यापासून संशय, म्हणून बुडबुड्याची नवी लेव्हलपट्टी ऑनलाइन मागवली.

आज जोत्यावर ठेवली, तर बुडबुडा रस्त्याकडे सरकला.

"जोतं तिरपं आहे! फसवताय काय?" मी सगळ्यांदेखत बोललो.

दादा म्हणाले, "पट्टी तिथंच फिरवून ठेवा, सर. या टोकाचं त्या टोकाला."

फिरवली. बुडबुडा आता उलट बाजूला, डोंगराकडे गेला! जोतं तिरपं असतं, तर तो रस्त्याकडेच राहिला असता. पट्टीच खोटी.

"भाताच्या खाचरात पाणी खोटं बोलत नाय," दादा म्हणाले, "मग नळीत कशाला बोलंल?"

आठ दिवस त्यांच्यावर डोळा ठेवला. पट्टी मात्र खोक्यातून काढली आणि खरी मानली. तुम्ही आधी कुणाला तपासता?