धाकट्या जावेचं रातांधळेपण

त्या पावसाळ्यात माझी धाकटी जाऊ पोटुशी होती, आणि तिला संध्याकाळनंतर दिसेनासं झालं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवेलागणीला ती तुळशीवृंदावनावर आदळली, मग भरलेली कळशी घेऊन येताना पायरी चुकली. सासूबाई म्हणाल्या, पोर धांदरट आहे. पण एका तिन्हीसांजेला मी समोर उभी असताना तिने विचारलं, "वैनी, तुम्ही कुठे गेलात?" तेव्हा मला उमगलं.

तेव्हापासून भावोजी, म्हणजे तिचा नवरा, तिला हाताला धरून नेऊ लागले. ते बंदरावरच्या कचेरीत कारकून होते आणि मांडवीतलं आमचं घर तिथून जवळच. कचेरीतून आले की पाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि तिला परसात, विहिरीपाशी, देवळापर्यंत हळूहळू चालवत न्यायचे. आमच्या घरात थोरांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलतही नसत. माझे हे मुंबईला गोदीत होते. घरी आले तरी मला काही सांगायचं झालं की मुलाला म्हणत, "आईला सांग." इथे मात्र दुखण्याच्या नावाखाली सगळं चालून जात होतं. सासूबाईच म्हणत, "सांभाळून ने रे तिला."

मी चुलीशी बसून बघायची आणि आतून जळायची. कधी कधी मुद्दाम दार लोटून अंधारात सुईत दोरा ओवून बघायची. पहिल्याच खेपेला ओवला जायचा. माझे डोळे इतके चांगले आहेत याचा मला राग यायचा.

नारळी पौर्णिमेनंतर तिला डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होते. त्यांनी डोळे तपासले, पापण्या उलटून पाहिल्या आणि मलाच विचारलं, ही खाते काय? मी सांगितलं, पेज आणि आमसुलाचं सार. पावसात घरात सुकी मासळी, तिच्या वासानेच हिला उमासे येतात, भाजी नको, दूध नको. डॉक्टर म्हणाले, "दोष डोळ्यांत नाही, जेवणात आहे. अंधारात दिसायला जे लागतं ते अन्नातूनच मिळतं. हिच्या पोटात ते जात नाही, आणि जे थोडं जातं त्यातलं बाळ घेतं." त्यांनी माशाच्या काळजाचं तेल दिलं. शिवाय शेवग्याचा पाला, लाल भोपळा आणि अंडी खायला घालायला सांगितली. असंच राहिलं तर पुढे दिवसाही डोळे जातील, असंही बजावलं.

ते सगळं मी अंगावर घेतलं. पाला निवडायची, ओलं खोबरं घालून भाजी करायची, ती ओकली तर पुन्हा वाढायची. तेल पिताना तिचं नाक मीच दाबून धरायची. आळीत माझं कौतुक झालं, सख्खी बहीणही इतकं करणार नाही म्हणून. मला मात्र एकच हवं होतं. तिला लवकर दिसू लागावं आणि तो हात सुटावा.

दिवाळीच्या सुमारास ती अंगणात एकटी होती. चांगलं अंधारून आलं होतं. तिच्या गळ्यातला काळा मणी ओघळला आणि तिने वाकून तो सरळ उचलला. चाचपडलीसुद्धा नाही. तेवढ्यात अंगणाच्या बेड्याशी, फाटकापाशी, पावलं वाजली. ती खांब धरून उभी राहिली. भावोजी आले, त्यांनी हात पुढे केला, तिने धरला. जाता जाता तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी कोणाला बोलले नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि तेच मला जास्त लागत होतं.

पौषात तिला मुलगा झाला. शिमग्याला हे मुंबईहून आले. पालखी बघून परतताना अंधार पडला. पुढे भावोजी चालले होते, एका हातावर बाळ, दुसरा हात तिच्या कोपराला. मी मुद्दाम ठेचकाळले आणि म्हटलं, "मला हल्ली संध्याकाळचं नीट दिसत नाही."

"खाली बघून चाल," हे म्हणाले आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी यांनी बाजारातून नवा कंदील आणला. स्वच्छ काचेचा, मोठ्या वातीचा. माझ्यासमोर ठेवला आणि वात कशी वर-खाली करायची ते दाखवलं. मला रडू आलं, ते कशाचं म्हणून मी सांगितलं नाही.

जाऊ कंदिलाभोवती कितीतरी वेळ घुटमळली. "मोठ्या भावोजींनी तुमच्यासाठी किती आठवणीने आणला," ती म्हणाली. "माझ्यासाठी यांनी असं कधी काही आणलं नाही."

ती खरंच बोलत होती. पण माझा जीव काही निवला नाही. कंदील मी माझ्या खोलीत टांगला आणि तिला कधी हात लावू दिला नाही.