नानांचं लॉगिन

गेलेल्या माणसाच्या लॉगिनवरून साइटवर नवी फाइल चढली होती. नानांना जाऊन महिना होत आला होता. मी देवासला घरच्या टेबलावर साइट तपासत होते आणि फाइलीसमोर अपलोड करणाऱ्याचं नाव स्वच्छ दिसत होतं: नाना. वेळ भर दुपारची, आजचीच.

मी लोकांच्या वेबसाइट बनवते. ही साइट धारच्या मुकुंदची. तो तिरल्याच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडची तरुण मुलं हिंदी शाळांत शिकलेली. मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की अडखळतात. म्हणून श्रावणातल्या कहाण्या ऐकता येतील अशी साइट त्याला हवी होती. आवाज त्याच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा. त्यांना मी वेगळं लॉगिन करून दिलं होतं. लॉगिन म्हणजे साइटची किल्ली, ज्याची त्याला निराळी. नाना घरीच फोनवर रेकॉर्ड करत आणि फाइल स्वतः चढवत, अशी आमची समजूत होती. मग मी ती साफ करायची. पंखा, कुकरची शिट्टी, मागची कुजबूज, सगळं काढायचं. मुकुंदला अगदी स्टुडिओसारखं हवं होतं. शेवटची कहाणी चढली आणि त्याच आठवड्यात नाना गेले.

आता आभाराचं पान तेवढं उरलं होतं. तेही ऐकायचंच. चित्रं काढून देणारी मावसबहीण, डोमेनचं सगळं बघणारा इंदूरचा मित्र, विसरलेल्या कहाण्या आठवून सांगणारी हाटपिपल्याची मावशी आणि नाना. काकूंचं, म्हणजे त्याच्या आईचं, नाव का नाही, असं मी मुकुंदला विचारलं होतं. तो म्हणाला, आईच रागावेल, घरच्यांचे आभार मानून त्यांना परकं करायचं का? मग नाना घरचे नव्हते का, हे तोंडापर्यंत आलं होतं. विचारलं नाही.

मी मुकुंदला फोन लावला.  ऐकताच त्याचा आवाज चढला.

"ताई, कोणीतरी हॅक केलंय. नानांचा फोन तर कपाटात बंद पडलाय. ते अकाउंट अभी के अभी उडवा."

अकाउंट उडवताना सिस्टिम एक प्रश्न विचारते. या माणसाच्या नावावरच्या फाइलींचं काय करू? पुसून टाकू, की दुसऱ्याच्या नावावर करू? नानांची मूळ रेकॉर्डिंग फक्त तिथेच होती. माझ्याकडे होती ती साफ केलेली. मुकुंद म्हणाला, साफ केलेली आहेत ना, मग पुसा सगळं. तो घाबरला होता. खरं सांगायचं तर मीही. पण डिलीटवर बोट ठेवूनही मन होईना. म्हटलं, आधी ऐकू तरी.

हेडफोन लावला. पंख्याची घरघर. बराच वेळ काहीच नाही. मग एका बाईचा आवाज, "हं." पुन्हा शांतता. "हं." पुन्हा शांतता. आणि मग अगदी सहज, "मग?"

त्यानंतरची शांतता कोणीतरी उत्तर देत असावं तशी होती.  भर दुपारी, स्वतःच्याच घरात, मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं.

फाइलीची लांबी ओळखीची वाटली. नानांच्या पहिल्या कहाणीइतकीच होती. ते मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि दोन्ही एकाखाली एक ठेवून सोबत वाजवलं. नाना श्वास घेत तिथे "हं" येत होता. कहाणीतली राणी दार उघडते तिथे नाना थांबत, बरोबर तिथेच "मग?" येत होतं. आणि नीट कान दिला तेव्हा कळलं, मूळ रेकॉर्डिंगमध्येही नानांच्या मागे पुसटसा हाच आवाज होता. मी तो कुजबूज म्हणून काढला होता. नवा "हं" जुन्या "हं"वर तंतोतंत बसत होता.

रविवारी बस धरून धारला गेले. काकू मेथी निवडत होत्या. मुकुंदसमोर लॅपटॉप ठेवला आणि फाइल लावली. त्याने ऐकलं आणि तो आईकडे पाहत राहिला.

"माझाच आहे," काकू म्हणाल्या. हात थांबले नाहीत.

नानांना फोनमधलं काहीच जमत नव्हतं. रेकॉर्ड करणं, चढवणं, सगळं पहिल्यापासून काकूच करत होत्या. नाना गेल्यावरही, मुकुंद शाळेत गेला की कपाटातला फोन चार्जिंगला लावत.

"तुम्ही माझा हुंकार काढून टाकलात," त्या मला म्हणाल्या. "हुंकारावाचून कहाणी सांगतात का कधी? हे आपले एकटेच भिंतीशी बोलत बसलेत. मला ऐकवेना. म्हणून परत दिला."

एक प्रश्न मला सोडत नव्हता. रेकॉर्ड करताना नानांची कहाणी कुठे लावली होती का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, फोन एकच, त्यात बोलायचं की ऐकायचं?

"मग 'हं' कुठे म्हणायचं ते कसं कळलं?"

माझं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं त्यांनी पाहिलं. "ऐकू येतं की."

मुकुंदने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

अकाउंट ठेवलं. साइटवर मूळ रेकॉर्डिंग लावली, पंख्यासकट, कुकरसकट. राहिलं आभाराचं पान. मुकुंद आता हट्टाला पेटला, आईचं नाव घेणारच. काकूंनी साफ नकार दिला. पण तू नावं वाच, मी हुंकार देते, म्हणाल्या. तो वाचू लागला. मावसबहिणीच्या नावाला "हं". मित्राच्या नावाला "हं". मावशीच्या नावाला जरा हसून "हं". शेवटी त्याने नानांचं नाव घेतलं आणि काकू गप्प. मी हातानं खूण केली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"त्यांच्या नावाला मी कसा देऊ? ते देतील. जागा ठेव तेवढी."

रेकॉर्डिंगमधली रिकामी जागा कापणं हे माझं रोजचं काम. ही मी कापली नाही. साइट सुरू झाली, घरोघरी ऐकली जाते. लोक कुठली जागा पुन्हा मागे नेऊन ऐकतात, ते मला माझ्या स्क्रीनवर दिसतं. आभाराच्या पानावर सगळे तिथेच मागे जातात. मी स्वतः किती वेळा ऐकलं, पंख्याशिवाय तिथे काहीही नाही.

कोणाचंही लॉगिन बंद करण्याआधी ते घरात नक्की कोण वापरतं हे विचारून घ्यावं, एवढं मी या कामातून शिकले. आणि तेवढ्या जागेतला पंखा साफ करून खाली काय आहे ते पाहणं मला पाच मिनिटांचं काम आहे. ते मी अजून केलेलं नाही.